ऑरगॅनिक नेमकं काय काय घ्यायचं? मंडईत जायच्या आधीचा हिशोब

सगळीच भाजी आणि फळं ऑरगॅनिक घ्यायची म्हटलं तर महिन्याचं बजेट कोलमडतं, आणि काहीच नाही घेतलं तर फवारणीची एखादी बातमी वाचली की पुढचे चार दिवस प्रत्येक घास संशयाने खाल्ला जातो. मधला रस्ता आहे आणि तो फार अवघड नाहीये, फक्त त्यासाठी आधी व्हॉट्सअपवर फिरणाऱ्या त्या अमेरिकन याद्या बाजूला ठेवा. तिकडची ईडब्ल्यूजी नावाची संस्था दरवर्षी 'डर्टी डझन' (औषधाचा अंश जास्त सापडणाऱ्या बारा) आणि 'क्लीन फिफ्टीन' (कमी सापडणाऱ्या पंधरा) अशा दोन याद्या काढते, त्यात केल नावाची पालेभाजी, ब्लूबेरी, पीच, नेक्टरीन असलं सगळं असतं. आता मला सांगा, आपल्याकडे आठवड्याला किती केल लागतो? भेंडी, गवार, दोडका यांचा त्यात पत्ता नाही, आणि वांगं तर काही वर्षी चक्क 'क्लीन' यादीत होतं! आपल्याकडे ज्या भाज्यांवर सगळ्यात जास्त फवारे बसतात त्यात वांगं वरच्या नंबरला. ती यादी तिथल्या शेतीखात्याने तिथल्या दुकानांतून उचललेल्या नमुन्यांवरून बनते, तिथली हवा वेगळी, कीड वेगळी, औषधं वेगळी, ती इथे लावून काय उपयोग.

आणि घाबरणंही जरा कमी करू. आपल्याकडे शेतमालातल्या फवारणीच्या औषधांचे अवशेष तपासायची केंद्र सरकारची योजना आहे, तिच्यात २०१४-१५ ला देशभरातून २०,६१८ नमुने तपासले, त्यातल्या १८.७ टक्के नमुन्यांत औषधाचा अंश सापडला, आणि ठरवून दिलेल्या मर्यादेच्या वर गेलेले होते ५४३, म्हणजे २.६ टक्के. त्यामुळे 'बाजारातली सगळी भाजी म्हणजे विष' हे काही खरं नाही. पण त्याच तपासणीत १२.५ टक्के नमुन्यांत अशी औषधं निघाली जी त्या पिकासाठी मंजूरच नव्हती, आणि मला विचाराल तर खरी काळजी इथे आहे. मोनोक्रोटोफॉससारखं औषध भाजीवर मारायला २००५ पासून बंदी होती, तरी ते दुकानात मिळत राहिलं कारण कापसाला चालत होतं, आणि एकदा घरात बाटली आली की ती फक्त कापसावरच रिकामी होते असं थोडंच आहे.

तर यादी पाठ करण्यापेक्षा प्रत्येक भाजी-फळाला तीन प्रश्न विचारायचे. साल पोटात जाते का? तोडा, म्हणजे काढणी, किती दिवसांनी होतो? आणि आपल्या घरात ती किती खपते? पहिला आणि तिसरा प्रश्न कुणालाही सुचेल. दुसऱ्याबद्दल मात्र शहरात कुणी बोलत नाही आणि सगळी गंमत त्यातच आहे, म्हणून तिथे जरा थांबू.

प्रत्येक औषधाच्या डब्यासोबत एक घडीपत्रिका येते, तिच्यात लिहिलेलं असतं की शेवटची फवारणी आणि काढणी यात इतके दिवस जाऊ द्या. शेतकरी याला पीएचआय म्हणतात, काही औषधांना ३ दिवस असतो, काहींना आठवडा, काहींना त्याहून कितीतरी जास्त. आता कोबीचा गड्डा घ्या, तो एकदाच काढायचा असतो, त्यामुळे शेवटचं औषध मारून थांबणं शक्य आहे. पण भेंडी? भेंडी दिवसाआड तोडावीच लागते. एक तोडा चुकवला की शेंग जून होते, बोट लावलं तर मोडत नाही, नुसती वाकते, आणि मार्केटला कुणी हात लावत नाही. आणि त्याच झाडावर एकीकडे शेंगा, दुसरीकडे फुलं, तिसरीकडे शेंग पोखरणारी अळी, खालून तुडतुडे आणि पांढरी माशी, जिच्यामुळे हळद्या रोग पसरतो आणि अख्खा प्लॉट पिवळा पडतो. आता शेतकऱ्याने काय करायचं? आज फवारलं तर परवा तोडायचंच आहे. पत्रिकेवर ७ दिवस लिहिले असतील तर मधले तीन तोडे बांधावर फेकून द्यायचे का? कोण फेकेल हो, मजुरीचे पैसे तर द्यावेच लागतात. यात शेतकऱ्याला शिव्या द्यायचं काही कारण नाही, पिकाची जातच तशी आहे. युरोपात आपल्या भेंडीची आणि कढीपत्त्याची औषधांच्या अंशासाठी जादा तपासणी होते ती काही उगाच नाही.

म्हणजे ज्या भाज्यांचा तोडा सारखा सारखा होतो त्या सगळ्या एका गटात आल्या: भेंडी, वांगी, टोमॅटो, मिरची, गवार, फरसबी, काकडी, कारलं, दोडका. सगळ्या ऑरगॅनिक घ्यायच्या का, तर नाही, इथे बाकीचे दोन प्रश्न लावायचे.

भेंडीची साल काढता येत नाही, वर लव असते, आणि लहान मुलांना आवडणाऱ्या ज्या काही मोजक्या भाज्या आहेत त्यात ती पहिली. माझ्या हिशोबात पैसे टाकायचेच असतील तर सगळ्यात आधी भेंडीवर टाका. दुसरा नंबर टोमॅटोचा, कारण टोमॅटो रोज लागतो, आमटीत, भाजीत, कोशिंबिरीत, सारात, आणि त्याची सालही पातळ आहे. करपा, फळ पोखरणारी अळी, त्यात २०१४ पासून ती टूटा नावाची नागअळी आपल्या राज्यात आली, त्यामुळे टोमॅटोवरची औषधं कमी होण्याऐवजी वाढतच गेलीत. वांगं तिसरं. त्याच्यात शेंडा आणि फळ पोखरणारी अळी एकदा आत शिरली की वरून काही मारून उपयोग होत नाही, म्हणून ती आत शिरायच्या आधीच मारायला फवारे आठवड्याला एक, कधी दोन असे चालतात. याच अळीसाठी बीटी वांग्याचं बियाणं तयार झालं होतं, पण २०१० मध्ये केंद्राने ते रोखलं, आणि ते बरं झालं की वाईट यावर दोन शेतकरी आणि एक पर्यावरणवाला एकत्र आले तर संध्याकाळ पुरायची नाही, तो विषय इथे नको. पण भरली वांगी महिन्यातून एकदाच होत असतील तर वांग्याची एवढी काळजी करू नका. वांगं घरात रोजचं असेल, विदर्भ-खानदेशात भरीत वारंवार होतं तसं, तर मात्र बघा. भरताला साल जळून निघते हा एक फायदा.

काकडी सोलून खा, प्रश्न अर्धा सुटला. कारलं खरवडून घ्या. दोडका आणि दुधी आपण सोलतोच, पण दोडक्याच्या शिरांची चटणी किंवा दुधीच्या सालीची चटणी करणार असाल तर हिशोब उलटा होतो, कारण जे फेकून द्यायचं तेच तुम्ही तीळ-खोबरं घालून परतताय. त्या दिवशी दोडका ओळखीचा किंवा ऑरगॅनिक असू द्या. लिंबाचंही तेच, सरबताला कुठलंही चालेल पण लोणच्यात साल मुरते आणि वर्षभर खाल्ली जाते, म्हणून लोणच्याची लिंबं कुणाच्या परसातल्या झाडाची मिळाली तर सोडू नका. मिरचीवर बोकड्या (पानं आकसणारा रोग) आणि फुलकिडे यांच्यासाठी औषध खूप पडतं, पण आपण मिरची खातो किती? ठेचा रोज लागत असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर दोन कुंड्या मिरचीच्या लावा. कढीपत्त्याचं तर मी सांगेन की विकत घेऊच नका, एक झाड कुंडीत लागलं की चार माणसांच्या घराला वर्षानुवर्षं पुरतं, फक्त ऊन हवं, आणि वरचा शेंडा खुडत राहिलात की बाजूने फुटतं.

पालेभाज्यांचं जरा वेगळं आहे. मेथी, पालक, कोथिंबीर महिन्या-दीड महिन्यात निघतात, काढणी एकदाच, पण सगळं पानच पान, म्हणजे फवारा जिथे बसतो तेच आपण खातो. मावा किंवा नागअळी आली की औषध मारतात. त्यातही मला औषधापेक्षा पाण्याची धास्ती जास्त वाटते. मुंबईत लोकलने जाताना रुळांच्या कडेला लालमाठ-पालकाचे वाफे सगळ्यांनी बघितलेत, आणि शेजारून वाहणारा नालाही बघितलाय. तिथे एक थेंब औषध मारलं नाही तरी त्या पालकाचं मी काही करणार नाही, नाल्याच्या पाण्यातून येणारं शिसं-बिसं धुऊन जात नाही. म्हणून पालेभाजी घेताना 'ऑरगॅनिक आहे का' च्या आधी 'कुठून येते' विचारा. पालेभाजी थंडीत भरपूर खा, कीड कमी असते, स्वस्त असते, साध्या भाजीवालीकडची चालते. उन्हाळ्यात-पावसाळ्यात मेथीची जुडी चाळीस-पन्नासला जाते तेव्हा ती कशी वाढवली असेल याचा विचार करा आणि त्या दिवसांत दुसरं काहीतरी खा.

हे ऋतूचं सगळ्यालाच लागू आहे आणि फुकट आहे. पावसाळ्यातला फ्लॉवर आणि डिसेंबरमधला फ्लॉवर ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. पावसात बुरशी, उन्हात अळ्या आणि रसशोषक किडी, थंडीत त्या मानाने निवांत. फ्लॉवर-कोबीवर तो चौकोनी ठिपक्यांचा पतंग असतो ना, त्याची अळी इतकी चिवट झालीय की जुनी औषधं तिला लागतच नाहीत, पण थंडीत तिचाही जोर कमी होतो. कोबीची वरची तीन-चार पानं काढून टाका, आतला गड्डा पुष्कळ सुरक्षित. फ्लॉवरला अशी पानं काढायची सोय नाही, म्हणून ऑरगॅनिक घ्यायच्या क्रमात फ्लॉवर कोबीच्या वर.

आता फळं. इथे पहिला नंबर द्राक्षाचा, आणि द्राक्षाबद्दल थोडं सविस्तर लिहिते कारण आपल्या राज्यात द्राक्ष म्हणजे नाशिक-सांगली, घरोघरी सीझनमध्ये पेट्या येतात आणि मुलं न धुता घडच्या घड संपवतात. ऑक्टोबर छाटणी झाली की पुढचे काही आठवडे बागायतदार डोळ्यात तेल घालून बसलेला असतो, ढग आले, पाऊस पडला की डावणी, हवा कोरडी-थंड झाली की भुरी, दोन्ही बुरशीचे रोग, आणि एका रात्रीत घड जाऊ शकतो, वर्षाचं पीक. म्हणून फवारण्या भरमसाठ होतात, हे बागायतदार स्वतःच सांगतात. पण काढणी एकदाच असते, त्यामुळे शेवटचे फवारे वेळेवर थांबवले तर माल स्वच्छ निघतो. २०१० मध्ये सीसीसी नावाच्या वाढरोधकाचा अंश सापडला म्हणून युरोपात आपल्या द्राक्षाचे कंटेनर अडकले होते, मोठा फटका बसला होता, त्यानंतर निर्यातीच्या मालाची तपासणी आणखी कडक झाली. अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या ग्रेपनेटवर प्रत्येक प्लॉटची नोंद, लॅबमध्ये नमुना, रिपोर्ट पास झाला तरच माल जातो. गल्लीत गाडीवर येणाऱ्या द्राक्षाला यातलं काहीच लागत नाही.

मग ऑरगॅनिक द्राक्ष घ्यायचं का? मिळालं आणि सर्टिफिकेट दिसलं तर घ्या, पण खरं सांगायचं तर आपल्या हवेत ते पिकवणं महाकठीण आहे, फार थोडे लोक करतात. द्राक्षात मला 'रेसिड्यू फ्री' जास्त पटतं, म्हणजे औषध मारलेलं असतं, पण वेळेत थांबवून लॅबमध्ये तपासलेलं असतं. विकणाऱ्याला थेट विचारा, 'दादा, एक्स्पोर्टच्या बागेतला माल आहे का, रिपोर्ट आहे का?' ज्याच्याकडे असतो तो फोनमध्ये लगेच दाखवतो. ज्याच्याकडे नसतो तो 'अहो ताई एकदम गोड आहे, खाऊन तर बघा' म्हणतो. आणि एक, मण्यावरची पांढरट लव म्हणजे औषध नव्हे. ती द्राक्षाची स्वतःची मेणासारखी लव आहे, सगळ्या मण्यावर एकसारखी असते, बोटाने पुसली की खाली चकचकीत साल दिसते, ती असणं म्हणजे माल ताजा आणि फार हाताळलेला नाही. औषधाचे डाग वेगळे दिसतात, थेंब ओघळून खाली सुकल्यासारखे, मण्याच्या खालच्या टोकाला किंवा देठाजवळ ठिपके-ठिपके. घड उलटा करून देठाकडे बघा, तिथे सगळं कळतं.

स्ट्रॉबेरी जमिनीलगत वाढते, साल नसतेच, पाण्यात ठेवली की लगदा होतो त्यामुळे लोक नीट धूतही नाहीत, आणि तोडाही सारखा असतो. महाबळेश्वर-पाचगणीला जाऊन टोपलीभर आणणार असाल तर शेतावर जाऊन घ्या आणि विचारून घ्या, शहरातल्या डब्यातली वर्षातून दोनदा घेत असाल तर सोडून द्या. सफरचंदाची साल खात असाल तर ते यादीत येतं, पण सोलून खाल्लं तर नाही. त्यावरच्या मेणाने लोक उगाच घाबरतात, लाख, मधमाशीचं मेण अशी नैसर्गिक मेणं लावायला परवानगी आहे, कोमट पाण्याने पुसलं की झालं. पेरू सालासकट खातो, पण त्यात एक सोय आहे, आजकाल चांगले बागायतदार फळ लिंबाएवढं झालं की त्याला फोमची जाळी आणि वर पिशवी घालतात, मग फळमाशी फळापर्यंत पोचत नाही आणि फवाराही. जाळीतला पेरू दिसला की थोडे जास्त पैसे देऊन तोच घ्या, ऑरगॅनिकची गरज नाही. डाळिंबावर तेल्या रोगासाठी काय काय मारतात ते सोलापूरकडच्या माणसाला विचारा, पण साल जाड, आणि आपण फक्त दाणे खातो, म्हणून मधल्या गटात. सालीचा काढा किंवा दात घासायची पावडर करणाऱ्यांनी मात्र लक्ष द्या.

आंब्याचं काय, असं प्रत्येक जण विचारतो. हापूसच्या बाबतीत लोकांना भीती असते ती कार्बाइडची, आणि कार्बाइडचा फवारणीशी काही संबंध नाही, तो पिकवण्याचा विषय आहे. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला कायद्याने बंदी आहे, इथिलीन गॅसने १०० पीपीएमपर्यंत पिकवायला परवानगी आहे, आणि इथिलीन हे फळ स्वतःही सोडतंच. आंब्यासाठी सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे तयार पिवळाधमक घेण्याऐवजी कच्ची पेटी आणा आणि घरी अढी लावा, गवतात किंवा कागदात. एप्रिलच्या सुरुवातीलाच सगळी पेटी एकसारखी पिवळी, पण वास नाही आणि देठाजवळ आंबट, असं असेल तर ती पेटी परत करा. साल आपण खात नाही, रस काढतो, त्यामुळे फवारणीच्या दृष्टीने आंबा खालच्या गटात बसतो.

ज्यावर पैसे वाया घालवायचे नाहीत ती यादी मोठी आहे, भरभर सांगते: कांदा, लसूण, केळी, फणस, अननस, नारळ, शहाळं, कलिंगड, पपई, सीताफळ, संत्रं, मोसंबी, मटार, मक्याचं कणीस, सुरण, रताळं, लाल भोपळा, शेवगा. हे ऑरगॅनिक घ्यायची हौस असेल तर घ्या, पण बजेट मोजकं असेल तर इथले वाचवलेले पैसे भेंडी-टोमॅटो-द्राक्षाकडे वळवा. केळी-अननसाची साल जाते, कांद्याचा वरचा पापुद्रा जातो. बटाटाही याच यादीत, पण सोलून, कारण काही कोल्ड स्टोरेजमध्ये कोंब येऊ नये म्हणून त्याला सीआयपीसी नावाचं रसायन देतात आणि ते सालीला राहतं. सालीसकट उकडून रस्सा करायची सवय असेल तर उकडल्यावर तरी साल काढा.

आणि पावसाळ्यात तर सगळ्यात शुद्ध भाजी रस्त्याच्या कडेला बसलेली असते. मुरबाड, कर्जत, पालघरकडच्या आदिवासी बायका जून-जुलैत शेवळं, टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी घेऊन ठाणे-कल्याण-दादरपर्यंत येतात. ही जंगलातली, माळावरची भाजी, तिला कोण फवारणार? कर्टुली मात्र आता काही ठिकाणी शेतातही लावतात, ती कुठली ते विचारून घ्या. शेवळं कशी साफ करायची, काकडं ही आंबट फळं सोबत घ्यायची की नाही, हे मावशींनाच विचारा, त्या सांगतात, आणि न विचारता घरी नेलीत तर घसा खाजेल. मॉलमध्ये दीडपट-दुप्पट भावात ऑरगॅनिक पालक घेणारे लोक या बायकांशी पाच रुपयांसाठी घासाघीस करताना बघितले की डोकं फिरतं.

आता घ्यायचं ठरलं, मग खरं कशावरून? पाकिटबंद मालावर ऑरगॅनिकचा सरकारी लोगो बघा ('जैविक भारत' चा हिरवा लोगो एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेने आणला होता), तिचेच २०१७ चे नियम आहेत, त्याप्रमाणे ऑरगॅनिक म्हणून विकायला दोनपैकी एक सर्टिफिकेट लागतं, एक एनपीओपी, जे त्रयस्थ एजन्सी तपासून देते, आणि दुसरं पीजीएस-इंडिया, ज्यात शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेतं तपासतो. पीजीएसमध्ये 'ग्रीन' लिहिलेलं असेल तर ते शेत अजून बदलाच्या काळात आहे, पूर्ण ऑरगॅनिक झालं की मग 'ऑरगॅनिक' मिळतं. एनपीओपीत हंगामी पिकांना साधारण २ वर्षं आणि फळबागेला ३ वर्षं थांबावं लागतं. ऑरगॅनिक मालात औषधाचा अंश एरवीच्या मर्यादेच्या ५ टक्के किंवा लॅबला मोजता येईल ती किमान पातळी, यातल्या मोठ्या आकड्याच्या आत असावा लागतो, म्हणजे शून्य असं कुणी म्हणत नाही, शेजारच्या शेतातून वाऱ्याने येतंच.

छोट्या शेतकऱ्याने थेट तुम्हाला विकलं तर त्याला सर्टिफिकेटची सक्ती नाही, पण मग त्याला तो लोगोही लावता येत नाही. इथे तुम्हाला माणूस वाचावा लागतो. 'नैसर्गिक', 'विषमुक्त', 'गावरान', 'फार्म फ्रेश' या शब्दांना बोर्डावर लिहायला काही लागत नाही, एक खडू पुरतो. हायड्रोपोनिक म्हणजेही ऑरगॅनिक नव्हे, तिथे रासायनिक खतच पाण्यात विरघळवून देतात, औषध कमी लागतं हे मान्य, पण प्रकार वेगळा. आठवडी बाजारात शेतकरी भेटला की 'ऑरगॅनिक आहे का' विचारू नका, उत्तर 'हो' च येणार. विचारा, 'भेंडीला तुडतुडे आले तर काय मारता?' जो खरंच करतो तो सांगायला लागतो, निंबोळी अर्क, दशपर्णी, चिकट सापळे, ताक आंबवून, आणि शेवटी म्हणतो की यंदा हळद्याने अर्धा प्लॉट गेला बघा. जो म्हणतो 'आमच्याकडे कीडच येत नाही', त्याच्याकडून कोथिंबीरसुद्धा घेऊ नका. दुसरा प्रश्न, 'शेजारचं शेत कुणाचं, तो काय मारतो, मधे बांध केवढा?' आणि तिसरी खूण न विचारता कळते, बारा महिने सगळ्या वीस भाज्या एकाच टेबलावर असतील, ऑगस्टमध्ये फ्लॉवर आणि मे मध्ये मेथी, तर तो माल कुठल्या तरी मार्केट यार्डातून आलाय. वेडीवाकडी किडकी भाजी म्हणजे ऑरगॅनिक, हाही गैरसमज, फवारलेल्या वांग्यातही अळी निघते.

जीवनसत्त्वं जास्त मिळतील या आशेने घेत असाल तर तेवढ्यासाठी घेऊ नका, २०१२ मध्ये स्टॅनफर्डच्या लोकांनी बरेच अभ्यास एकत्र करून बघितले, पोषणात फार फरक दिसला नाही, औषधाचे अंश मात्र कमी दिसले. पण ताटाच्या बाहेरचंही एक कारण आहे. २०१७ मध्ये यवतमाळला कापसावर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर गेले, आपल्या ताटात अंश येतो, त्यांच्या अंगावर अख्खा पंप येतो. ज्यांना परवडतं त्यांनी थोडं जास्त घ्यावं असं मला वाटतं ते यासाठी.

घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर वरचा क्रम जास्त काटेकोर पाळा, मूल जे फळ सालासकट आणि रोज खातं ते आधी. बाकी उरलेली साधी भाजी नीट धुवा. नुसतं नळाखाली एक फेरा नाही, वाहत्या पाण्यात हाताने चोळून, भेंडी-काकडी तर एकेक. खायचा सोडा लिटरभर पाण्यात दोन छोटे चमचे टाकून १२-१५ मिनिटं ठेवला तर वरवरचं बरंच निघतं, मॅसॅच्युसेट्सला २०१७ मध्ये सफरचंदावर हे करून बघितलं होतं, पण जे सालीच्या आत मुरलं होतं ते निघालं नाही. आंतरप्रवाही औषधं झाडाच्या रसात जातात, ती कशानेच धुऊन निघत नाहीत, म्हणून तर भेंडी वर ठेवलीय. बाटलीतले महागडे व्हेजी वॉश मला तरी गरजेचे वाटत नाहीत. धुणं आधी, चिरणं नंतर. द्राक्षं घडातून कात्रीने देठासकट सुटी करून सोड्याच्या पाण्यात टाका, ओढून काढलीत तर देठाच्या जागी भोक पडतं आणि घाण पाणी आत जातं. पालेभाजी आणल्या आणल्या धुऊन फ्रिजमध्ये ठेवू नका, चिकट होते, निवडून कागदात गुंडाळा आणि करायच्या वेळी दोन-तीन पाण्यातून काढा, खाली माती बसायची थांबेपर्यंत.